सहभागी क्रमांक चार

फलकावरच्या फोटोत आईचे हात होते. मनगटापर्यंतच. बाकीची आई कापून टाकली होती. खाली बारीक अक्षरांत छापलं होतं : सहभागी ४. स्त्री, वय ६१, निवृत्त परिचारिका. डिझाइनचं पूर्वज्ञान नाही. बाटल्यांवर चिकटपट्टीचे तुकडे लावण्याची तात्पुरती सवय.

आईने चष्मा वर सरकवून ते पुन्हा वाचलं.

"एकतीस वर्षं म्हणजे तात्पुरती होय गं?"

"आई, संशोधनात असंच लिहितात. नावं द्यायची नसतात." लेक फूटपट्टी लावून टेबलावरच्या दोन बाटल्या एका रेषेत आणत होती. "आणि परीक्षकांसमोर मला ठकू म्हणू नकोस. प्लीज."

ग्राफिक डिझाइनच्या पदव्युत्तर वर्गाचं हे शेवटचं प्रदर्शन. दोन वर्षांचा अभ्यास त्या टेबलावर होता आणि आज त्याला गुण मिळायचे होते. डोळ्यांत घालायचे थेंब आणि कानांत घालायचे थेंब, अगदी सारख्या दोन बाटल्या. डोळ्यांच्या बाटलीला निळं लेबल, कानांच्या बाटलीला तपकिरी. ज्यांना लेबल दिसत नाही त्यांच्यासाठी झाकणावर उठावाची टिंबं. डोळ्यांना एक, कानांना दोन.

आई वॉर्डात चिकटपट्टीने हेच करायची. डोळ्यांना एक तुकडा, कानांना दोन.

तिने एक बाटली उचलली आणि झाकणावर अंगठा फिरवला. "झाकणावर कशाला? मी बाटलीच्या अंगावर लावायचे."

"अंगावर लेबलची मांडणी बिघडते. सर म्हणाले, झाकण मोकळंच आहे, तिथे स्वच्छ दिसेल."

"अगं, पण झाकण..."

"आले ते. ठेव ती जागेवर."

परीक्षक दोघं होते. एक पांढऱ्या दाढीचे चित्रकार आणि एक औषधांच्या बाटल्या बनवणाऱ्या कारखान्यातल्या बाई. त्यांच्या मागे लेकीचे सर, हात पाठीशी बांधून.

"टिंबांची कल्पना आली कुठून?" दाढीवाल्यांनी विचारलं.

"प्रक्रियेतून." लेकीने आईकडे पाहिलं नाही. "मी अठ्ठावीस नमुने केले. पुठ्ठ्याचे, मेणाचे, मग साच्यातले."

अठ्ठावीस हा आकडा खरा होता. ओट्यावर सांडलेलं मेण आईनेच सुरीने खरवडलं होतं.

बाईंनी दोन्ही झाकणं उघडली, उलटी करून आतले आटे पाहिले, साच्याच्या खर्चाबद्दल काहीतरी विचारलं आणि उत्तर ऐकता ऐकता झाकणं परत लावली. निळ्या बाटलीवर दोन टिंबांचं झाकण बसलं.

आईचा हात पुढे झाला. मग पर्सच्या पट्ट्यावर येऊन थांबला.

दाढीवाल्यांनी डोळे मिटले. "द्या बघू त्यातली एक."

बाईंनी बाटली त्यांच्या मुठीत दिली. अंगठा झाकणावरून एकदाच फिरला. "दोन टिंबं. कान."

मागे उभ्या असलेल्या मुलांनी टाळ्या वाजवल्या. दाढीवाल्यांनी हसून डोळे उघडले आणि मूठ तशीच वर धरली. त्यांच्या करंगळीखालून निळ्या लेबलची कड दिसत होती.

"पुढच्या वर्षी हे आमच्या सगळ्या बाटल्यांवर घेता येईल," बाई म्हणाल्या. मग त्यांचं लक्ष आईकडे गेलं. "आपण?"

"मी हिची आई."

"नर्स होत्या त्या," सर म्हणाले.

"अरे वा. मग सिस्टर, तुम्हीच सांगा. वॉर्डात चालेल का हे?"

लेकीने श्वास रोखला होता. लहानपणी इंजेक्शनच्या आधी रोखायची, तसा.

"छपाई सुंदर आहे," आई म्हणाली.

"चला, घरचा शेरा मिळाला," सर म्हणाले. सगळे हसले आणि पुढच्या टेबलाकडे वळले.

लेकीने आईचा दंड घट्ट धरला. "पहिली येणार बहुतेक मी. सगळ्या बाटल्यांवर म्हणाल्या, ऐकलंस ना?"

"ऐकलं." आईने दंड सोडवून घेतला. दोन्ही बाटल्या पुढे ओढल्या, झाकणं काढली, अदलाबदल करून पुन्हा घट्ट लावली. तिला खाली बघावंही लागलं नाही.

"काय करतेस? मांडणी हलवू नकोस ना."

"झाकणं बदलली होती. त्या बाईंकडून."

लेक आधी निळ्या लेबलकडे बघत राहिली, मग झाकणाकडे.

"वॉर्डात एकदा असंच झालं, कानाचे थेंब एकाच्या डोळ्यांत गेले," आई म्हणाली. "तेव्हापासून चिकटपट्टी बाटलीच्या अंगावर. तुला सांगितलं होतं सगळं, त्या माणसाचं पुढे काय झालं तेही. तू रेकॉर्ड केलंयस."

"चाळीस मिनिटांचं आहे ते, आई. मी लागेल तेवढंच उतरवून घेतलं." लेकीने आवाज खाली आणला. "कुणाच्या लक्षात आलं का?"

"सहभागी चारच्या."

लेकीने सुस्कारा सोडला. "मग ठीक आहे."

तिने फूटपट्टी घेतली आणि बाटल्या पुन्हा एका रेषेत आणल्या, लेबलं समोर येतील अशा. परीक्षक गेल्यावर दार सगळ्यांसाठी उघडलं होतं. काठी टेकत एक आजोबा टेबलापाशी आले. फलक वाचायचा प्रयत्न करून त्यांनी सोडून दिला. मग काठी टेबलाला टेकवून ठेवली, दोन्ही बाटल्या एकेक करून उघडल्या आणि दोन्ही झाकणं एकाच तळहातावर घेतली.