सांध्यातली हवा

वालूरकडच्या एका गावात बौद्धांच्या पोरांना विहिरीत पोहायची बंदी होती. ही पोरं उतरली की पाणी बाटायचं म्हणे, गावाची म्हसरं डुंबली तर बाटत नव्हतं! मग वस्तीनं आपला स्वतःचा हौद बांधला. आज जयंती. पोरं काठावर उघडी उभी, आणि पंप नुसता थुंकायला लागलेला. लांबून गाव हसत होतं.

वस्तीतला लिंबाजी चालू पंपाच्या पाणी ओढणाऱ्या पाइपाभोवती पेटती बिडी फिरवत होता.

“भावजी, दुरुस्ती करायलाव का मोटारीची आरती?” सगुणाबाईनं टोमणा मारला.

“वयनी, जिथं धूर आत जाईल तिथं पाइप हवा खातो. बघाच.”

कोपऱ्यातल्या सांध्याशी धूर सर्रकन आत गेला. लिंबाजीनं मोटार थांबवली, सांध्याला सुतळी-सफेदा लावून तो करकचून आवळला, पाइपात पाणी ओतलं आणि बटण दाबलं. मांडीएवढी धार हौदात कोसळली. पोरांनी धडाधड उड्या टाकल्या. लांबचं हसू बंद झालं.

हौद भरल्यावर त्यानं मोटार बंद केली. खुशीत नवी बिडी पेटवून त्याच सांध्याशी धरली. “घ्या पाव्हणं, तुमी बी दमलाव.”

बिडीचं टोक लाल झालं. मंदावलं. पुन्हा लाल झालं, कुणी सावकाश झुरका घ्यावा तसं.

“वयनी, मोटार बंद हाय न्हवं?”

“कवाची!”

“काका,” हौदातून पोरं खिदळत ओरडली, “पाइप धूर सोडायलाय! अन् खोकायलाय बी!”