जोडीचा व्यायाम

माझ्या तोंडात जे काही दात उरलेत त्यांची शपथ, यातला शब्द न् शब्द खरा आहे. एक जरी खोटा निघाला तर उरलेलेही पाडून घेईन.

इस्त्रीवालीने वरच्या मजल्यावर पहिली उडी मारली आणि खालच्या मजल्यावर घड्याळजीच्या दुकानातली बंद पडलेली सगळी घड्याळं एकदम चालू झाली. ज्यांचे मालक कधीच वारले होते, तीसुद्धा टिकटिकायला लागली. घड्याळजी धापा टाकत वर आला.

"वहिनी, थांबा आता. सगळीच सुधारली तर मी खायचं काय?"

भाचीने मोबाइलवरचा व्यायामाचा व्हिडिओ बंद केला. "हा तुझ्या कामाचा नाही, मावशी. दुसरा बघू."

डॉक्टरीणबाईंनीच बजावलं होतं. गुडघे वाचवायचे असतील तर वजन उतरवा, बाहेर जायला वेळ नसेल तर घरच्या घरी व्यायाम करा, आणि आधी तो सकाळचा पाव बंद करा. इस्त्रीवाली व्यायामाला हो म्हणाली. पावाबद्दल ती काहीच बोलली नाही.

बोलणार तरी काय? तिचा नवरा बेकरीत रात्रभर भट्टीपाशी उभा. ही दिवसभर लॉन्ड्रीत कॉलरी इस्त्री करत उभी. त्याची यायची वेळ आणि हिची जायची वेळ एकच. सुट्टीचे वारही वेगळे. गादीत दोघांच्या झोपेचा खळगा एकच होता. ती उठून जायची आणि तिच्या उबेत तो पडायचा, पण एका वेळी दोघं त्यात नसायचे. गाठ पडायची ती जिन्यात. तो शर्टाच्या आतून गरम पाव काढून द्यायचा, ती पायरीवर बसून खायची, आणि तो एक पायरी खाली बसून तिच्याकडे बघत राहायचा.

"आज मीठ कसंय?"

"बरंय."

एवढाच काय तो संसार. ती एकेक घास इतका चघळायची की पायरीवर वाट बघत बसलेली मुंगी कंटाळून दुसऱ्या घरी जायची. पण पाव संपायचाच. मग तो जांभई देत वर, आणि ही खाली. म्हणून एक दिवस ती म्हणाली, उद्या दोन आणा. मग कधीतरी म्हणाली, तीन आणा. तिचं वजन असं वाढलं होतं. आता हे डॉक्टरीणबाईंना कुठल्या तोंडाने सांगायचं?

दुसरा व्यायाम नाचाचा होता. शिकवणारी बाई तारेसारखी बारीक, आणि कायम हसणारी. इस्त्रीवालीने कंबर डावीकडे नेली तर कपाट उजवीकडे सरकलं.

"हाही नको," भाची म्हणाली आणि बोटाने पुढे सरकवत राहिली. "हा तर सोडच. हा जोडीने करायचाय."

"दाखव तरी."

पडद्यावर एक बाई आणि एक पुरुष पाठीला पाठ लावून जमिनीवर बसले होते. कोपरात कोपर अडकवून, एकमेकांच्या आधाराने हळूहळू उठत होते.

"वजनाला याचा उपयोग सगळ्यात कमी," भाची म्हणाली. "यात घामसुद्धा येत नाही. आणि काका असतात कुठे घरी?"

इस्त्रीवालीने पडद्यावरच्या त्या टेकलेल्या पाठींकडे बोट दाखवलं.

"हाच ठेव," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती जिन्यात आलीच नाही. पायऱ्या रिकाम्या बघून तो घाबरला आणि पाव छातीशी धरून धावत वर आला. खोलीच्या मधोमध तिने सतरंजी अंथरली होती.

"अगं, पाव..."

"तो ठेवा तिकडे. इथे बसा आणि माझ्याकडे पाठ करा."

"रागावलीस?"

"बसा हो आधी."

तो बसला. तिने त्याच्या पाठीला पाठ टेकवली आणि कोपरात कोपर अडकवलं. त्याच्या पाठीत अजून भट्टीची धग होती. मोबाइलमधली बाई म्हणाली, आता दोघांनी मिळून उठा. इस्त्रीवालीने पाय रोवून जोर लावला, पण मागून काही जोर येईना.

"अहो, लावा की जोर."

 त्याचं डोकं हळूच मागे कललं आणि तिच्या खांद्यावर येऊन टेकलं. बसल्या जागी झोपला होता गडी.

मोबाइलमधली बाई उठा, उठा म्हणत होती. इस्त्रीवालीने पायाच्या अंगठ्याने तिला गप्प केलं. लॉन्ड्रीचं शटर उघडलं असणार, कॉलरींचा ढीग वाट बघत असणार, हे तिला कळत होतं. भिंतीवरचा उन्हाचा पट्टा घसरत घसरत तिच्या पायांशी आला. किती काळाने त्याचा भार तिच्या अंगावर आला होता. तिने श्वाससुद्धा बेताबेताने घेतला.

त्या दिवशी लॉन्ड्रीची मालकीण दारातच उभी होती. "कुठे होतीस इतका वेळ?"

"व्यायाम करत होते."

"घाम तर कुठे दिसत नाही."

"त्यात येत नाही," इस्त्रीवाली म्हणाली आणि इस्त्री तापत ठेवली.

तेव्हापासून ती पहाटे लवकर जाऊन आधी अर्ध्या कॉलरी उरकते, तो आला की घरी येते, आणि रोज सकाळी हा व्यायाम चालतो. दोघं मिळून अजून एकदाही उठलेले नाहीत. पाव तो आणतोच. मग कामावर परत जाताना ती तो वाटेत खाते, घाईघाईने, दोन घासांत. आणि वजन म्हणाल तर असं झरझर उतरलं की डॉक्टरीणबाईंनी काटाच बदलून आणला.

बरं बाई, वजन उतरलं हे मी पदरचं घातलं. काटा जागचा हललेला नाही. डॉक्टरीणबाई दर वेळी म्हणतात, हा व्यायाम सोडा, दुसरा धरा, आणि ती दर वेळी हो म्हणून येते.