आमच्या घराण्यात कुणालाच नाही

लंडनच्या इस्पितळात खाटेवर पडल्या पडल्या गौरेशने केरी गावी आईला, सत्यवतीला, व्हिडिओ कॉल लावला. छातीवर वायरी चिकटवलेल्या, उशाशी यंत्र टिकटिकत होतं. "हार्टचंच दुखणं आहे, पण वेळेत आलास म्हणून वाचलास," असं डॉक्टरीणबाई सांगून गेल्या होत्या. घरात आधी कुणाला होतं का, तेही त्यांनी विचारायला सांगितलं होतं. गौरेशने ते सगळं आईला सांगितलं.

सत्यवतीच्या डोळ्यांना धार लागली. "हे सगळं तिथल्या खाण्याचं रे पुता! चीज खायचं, लोणी खायचं नि बसून राहायचं. आम्हां पेज जेवणाऱ्यांना कसलं आलंय हार्ट? आमच्या घराण्यात कुणालाच नाही."

"मग आजोबा कशाने गेले?"

"त्यांना गॅस झाला होता. दुकानातून सोडा आणेपर्यंत गेले बिचारे."

"आणि काका?"

"भावोजी शेतात पडले ना! गॅसच तो. छातीत अडकला नि डोक्यात चढला."

 उशाचं यंत्र भरभर वाजायला लागलं.

"आई, बाबा कुठे आहेत? त्यांना फोन दे."

"बाहेर सोप्यावर पडलेत. सकाळपासून नुसते घामाघूम, म्हणून ओव्याचं पाणी दिलं. आता इतकी गाढ झोप लागलीय, की हाक मारली तरी ओ देत नाहीत."

 

पदराने डोळे पुसत ती म्हणाली, "तू नको घाबरू रे. त्यांना काही हार्टबिर्ट नाही, गॅस झालाय."