टोपणनाव

क्रेडिट कार्डचं बिल मी दर महिन्याला मुदतीच्या आत पूर्ण भरते. या वेळी त्यात सदर बाजारातल्या दुकानातून घेतलेला अडतीस हजारांचा टीव्ही होता. तो मी घेतलाच नव्हता.

माझी जुनी मैत्रीण विनीता हिने मला स्कूटीवर बसवून बँकेत आणलं. "काहून घाबरून राहिली? मी आहे ना," म्हणाली आणि बाहेर सावलीत थांबली.

"दीदी, किसी महिला ने फोन करके आपका मोबाइल नंबर बदलवाया है," आतल्या साहेबांनी सांगितलं. "सिक्योरिटी वाले सवाल का जवाब सही दिया, तो ओटीपी उसी नए नंबर पर गया."

तो प्रश्न मीच निवडला होता : कॉलेजमधलं टोपणनाव. ते नवऱ्याला, मुलांनाही ठाऊक नाही, म्हणून मला तोच सगळ्यांत सुरक्षित वाटला होता.

तक्रारीच्या अर्जात 'कोणावर संशय आहे का?' या रकान्यापाशी माझा पेन थांबला. अर्ज तसाच घेऊन मी बाहेर आले.

विनीताने स्कूटी वळवून ठेवली होती.



"काय म्हणाले गं, लिटमस?"