पुठ्ठ्याचं दार

तुरुंगातल्या बालवाडीत ताईंनी मुद्दाम पुठ्ठ्याचं घर मांडलं. कैदी आईजवळच वाढलेली चिमी उद्यापासून बाहेर, मावशीकडे राहणार होती. आणि पोर अजून कुठल्याही दारापुढे, कुणीतरी उघडेल म्हणून गुमान उभी राहायची.

"अगं, ढकल की बयो! तुझंच घर आहे, शिपाईबाईंची वाट कसली बघतेस?"

चिमीनं गुळगुळीत पुठ्ठा तळव्यानं चाचपला, डोळे गच्च मिटले आणि ढकललं. दार उघडलं! मग काय विचारता, दिवसभर पोरीचं आत-बाहेर, आत-बाहेर. ताईंनी मनोमन देवाला हात जोडले.

संध्याकाळी चिमी धावत बराकीत आली आणि तिची पिशवी भरत बसलेल्या आईचा हात ओढू लागली.

 

"तुझे पण कपडे भर ना आई! आता मला दार उघडता येतं."