एक वाव, चार बोटं

मोंजी बूट काढून होडीतल्या पलंगावर आडवा झाला, तेव्हाच नजीहाने ओळखलं की ह्याचं ठरलंय.

सकाळपासून बघितलेली ही तिसरी होडी. पहिलीचा तळ नजीहाने आतून चमच्याच्या दांड्याने ठोकून पाहिला, तर बद्द आवाज आला. सडलेला. दुसरी धडधाकट होती, पण किंमत ऐकून मोंजीने तोंडात बोट घातलं. ही तिसरी एका फ्रेंच म्हाताऱ्याची. आठ वर्षांपूर्वी तो ती इथल्या बंदरात बांधून मायदेशी गेला तो गेलाच. आता त्याच्या मुलांना ती विकून मोकळं व्हायचं होतं.

नजीहाने हीही पुढच्या नाळेपासून मागच्या सुकाणूपर्यंत ठोकली. सगळीकडे खणखणीत. तळाची फळी उचलून नाक आत घालून हुंगलं. कुजका वास नाही. केरकेना बेटावर स्पंज काढणाऱ्या माणसाची ती मुलगी, तिला होडीतलं कळत होतं. मोंजीने तीस वर्षं पोस्टात शिक्के मारले होते, त्याला उशीतलं कळत होतं.

"नजीहा, इकडे ये, बघ तरी. उभं राहता येतं आत. चूल आहे, मोरी आहे, पडदेसुद्धा आहेत."

"मग इतकी स्वस्त का?"

"नशीब म्हण की. प्रत्येक गोष्टीत मेलं काहीतरी शोधायचंच का?"

होड्या विकून देणारा हमादी दारात उभा होता. तो एकदम आभाळाकडे बघायला लागला.

नजीहाला त्या चांगल्या, कोरड्या खोलीत घुसमटायला झालं. अंथरुणाला खिळलेल्या सासूपाशी तिने नऊ वर्षं काढली होती ती एका वचनावर. हे सगळं संपलं की होडी घेऊ, किनाऱ्याकिनाऱ्याने हिंडू, रोज नवं बंदर. वचन मोंजीचंच. सासूचा चाळिसावा दिवस झाल्यावर तिने त्याला त्याची आठवण दिली, तेव्हा तो म्हणाला होता, "हो हो, घेऊ की." हिंडू म्हणाला नव्हता. ते तिच्या आत्ता ध्यानात आलं.

फ्रेंच माणसाच्या सामानात तिला दोरीला बांधलेला शिशाचा गोळा सापडला. तिने मोरीवरचा साबण घेतला, गोळ्याच्या बुडाच्या खळग्यात दाबून बसवला आणि बाहेर आली.

"हमादी, तुझ्या लहान होडक्यातून मला बंदराच्या तोंडाशी ने."

"आत्ता? ऊन किती आहे, लल्ला." बाईसाहेब म्हणावं तसं हमादी तिला अदबीने लल्ला म्हणत होता.

"आत्ता भरती आहे. चल."

हमादी वल्ही मारत राहिला. दोन धक्क्यांमधून जिथे समुद्र दिसायला लागतो, तिथे नजीहाने गोळा सोडला. दोरी हातातून सरसर गेली आणि लगेच सैल पडली. फारच लवकर. तिने ती ओढून घेतली, दोन्ही हात पसरून मोजली. पसरल्या हातांएवढी एक वाव पुरी भरली नाही, चांगली हातभर कमी. साबणाला वाळू चिकटली होती, नुकती साचलेली, मऊ. चार ठिकाणी तिने गोळा टाकला. चारही ठिकाणी तेच.

"त्या होडीचा कणा पाण्याखाली किती जातो?"

हमादीने वल्ही थांबवली. "तुमच्या हाताने एक वाव. वर चार बोटं."

"म्हणजे ती बाहेर निघतच नाही."

"निघते ना, लल्ला. वर्षातून दोनदा. मार्चच्या आणि सप्टेंबरच्या मोठ्या उधाणाला. एरवी अमावास्या-पुनवेलाही थोडं कमीच पडतं." मग मान खाली घालून तो म्हणाला, "खोटं बोललो नाही मी. साहेबांना, सी मोंजींना, मागच्या आठवड्यातच सांगितलं होतं सगळं."

ती परत आली तेव्हा मोंजीने चहा टाकला होता. त्यात पुदिना घालता घालता तो गुणगुणत होता.

"तुला माहीत होतं," नजीहा म्हणाली.

त्याने हमादीकडे पाहिलं, मग पेल्यांकडे. "अगं, इथेही समुद्रच आहे की. रविवारी येऊ, जेवू, झोपू. हलायलाच हवं असं थोडंच आहे?" तिने शिशाचा गोळा त्याच्यापुढे ठेवला, तेव्हा तो खरं बोलला. "मला भीती वाटते गं. पाण्याची. तुला सांगायची लाज वाटली."

नजीहाला त्याची दयाही आली आणि संतापही आला. संताप जास्त. नऊ वर्षांत एकदा तरी सांगायचं होतंस, असं ओठावर आलेलं तिने गिळलं.

"हमादी, मार्चचं उधाण गेलं ना?"

"गेलं, लल्ला. महिना होईल आता."

"म्हणजे आता सप्टेंबर."

"अमावास्येच्या आसपास. दोन-तीन दिवस मिळतात."

"आणि त्या दिवशी बाहेर पडलं, तर परत आत यायला कधी मिळेल?"

हमादीने बोटांवर महिने मोजले. "मार्चशिवाय नाही."

मोंजीच्या हातातली किटली पेल्यावरच थांबली.

"मग हीच घेऊ," नजीहा म्हणाली.

"अगं, पण सहा महिने? घर सोडून?"

तिने त्याच्या हातातून किटली घेतली आणि तिन्ही पेले भरले.

"घरी आता हाक मारणारं कोण आहे, मोंजी?"