उलटी पावलं

"हाच तो. माझ्या नवऱ्यावर यानेच चाकू चालवला," शिवणक्लासच्या बाईंनी भर कोर्टात एका रंगाऱ्याकडे बोट दाखवून सांगितलं होतं. तेवढ्या साक्षीवर रंगारी चार वर्षं आत गेला. मग दुसऱ्याच एकाने खून कबूल केला, चाकूही काढून दिला, आणि रंगारी सुटला.

बाईंच्या जिवाला चैन पडेना. सरळ शिवण वाकडी जाऊ लागली. शेवटी त्या माफी मागायला त्याच्या घरी गेल्या. दार त्यानेच उघडलं.

"माझं चुकलं, भाऊ. तुमच्या आयुष्याची माती केली मी."

तो म्हणाला, "तुम्ही खोटं बोलला नाहीत, ताई. तुम्हाला तसंच आठवत होतं."

बाईंना रडू फुटलं. खऱ्या खुन्याचा फोटो पोलिसांनी दाखवला होता, पण डोळे मिटले की चाकू अजूनही याच्याच हातात दिसायचा. त्यांनी हात जोडले आणि निघाल्या, पण त्याच्याकडे पाठ करायचं धाडस होईना. त्या उलट्या पावलांनी फाटकाकडे सरकू लागल्या.

त्याच्या ते लक्षात आलं. बाईंना वळता यावं म्हणून त्याने हळूच दार लावून घेतलं.